वर पाणी नाही

दुष्काळी तालुक्यात वॉटर पार्क उघडणार अशी बातमी आली की वाद ठरलेल्या वाटेने जातो. एक बाजू म्हणते, बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघताहेत आणि तुम्ही घसरगुंड्या कसल्या बांधता? दुसरी म्हणते, दुष्काळी भागातल्या पोरांनी काय जन्मभर हंडेच वाहायचे? दोघांच्या बोलण्यात एक गृहीत मात्र सारखंच असतं. कोरड्या मुलखात पाण्याचा खेळ मांडणं ही आजकालची, बाहेरून आलेली गोष्ट आहे, असं दोघेही धरून चालतात. दख्खनचा इतिहास तसं सांगत नाही. अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतं. वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. त्याच नगरच्या वेशीबाहेर मूर्तझा निजामशहाच्या काळात सलाबतखानाने 1583 मध्ये फराहबाग पूर्ण केला. आठ कोनांचा दुमजली महाल, मधोमध घुमटाखाली मोठं दालन, आणि सभोवार तलाव. ब्रिटिश गॅझेटियरमध्ये त्या तलावाची रुंदी दीडशे फूट आणि खोली सतरा फूट दिलेली आहे. उन्हाळ्यात तापल्या माळावर चहूबाजूंनी पाणी असलेल्या महालात बसायचं, हाच त्याचा उपयोग. दुष्काळी प्रदेशातलं जलक्रीडेचं ठिकाण याला म्हणायचं नाही, तर कशाला?

तेव्हा असा खेळ इथे असावा की नसावा, हा प्रश्न चारशे वर्षांपूर्वीच निकालात निघाला आहे. खरा प्रश्न वेगळा आहे. खेळाचं पाणी येतं कुठून, खेळाच्या आधी आणि नंतर ते काय काम करतं, आणि उगम आटला की खेळाचं काय होतं? या तीन बाबतींत जुनी ठिकाणं आणि आजचं वॉटर पार्क यांत जो फरक पडला, तोच या वादात कुणी बघत नाही.

नगरचं पाणी खापरी नळांचं होतं. भोवतालच्या डोंगरांच्या पायथ्याशी विहिरी खणायच्या, झिरपा एकत्र करायचा आणि भाजक्या मातीच्या नळांतून, चुन्यात बसवून, जमिनीखालून उताराने शहरात आणायचा. कापूरवाडी, वडगाव, शेंडी, भिंगार, शहापूर या गावांच्या नावांनी हे नळ ओळखले जात. गॅझेटियर असे पंधरा नळ मोजतं, आणि त्यांतल्या काहींनी ब्रिटिश काळातही शहराला पाणी पुरवलं. या व्यवस्थेत पंप नाही, बैल नाही, माणूसही नाही. सगळा कारभार उताराचा. त्यामुळे तिला एक न मोडता येणारी मर्यादा होती: पाणी उगमाच्या पातळीपेक्षा वर चढत नाही, आणि उगमाशी जेवढं झिरपतं त्यापेक्षा थेंबभर जास्त येत नाही. अशा नळावर कारंजं बसवलं तर ते शोभेबरोबर आणखी एक काम आपसूक करतं. डोंगरातलं पाणी उतरलं की नळातला दाब उतरतो, आणि दाब उतरला की सगळ्यात आधी बसतं ते कारंजं. खालच्या हौदात पाणी येतच असतं, पण तोटीतून उडायची ताकद त्यात उरत नाही. राजाच्या चैनीला दुष्काळाची वर्दी रयतेच्या आधी पोचायची, ती अशी. हे कुणाच्या न्यायबुद्धीने घडत नव्हतं, हे कबूल केलं पाहिजे. यंत्रणाच तशी होती.

याचा सगळ्यात देखणा नमुना औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात आहे. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी या नावाने हे शहर वसवलं आणि त्या दशकातच हर्सूलच्या बाजूच्या डोंगरांतलं भूगर्भातलं पाणी नहरीने शहरात आणलं. तीच नहर-ए-अंबरी. पुढे मोगल काळात तिच्या जोडीला आणखी नहरी झाल्या. नहरीच्या वाटेवर जागोजाग चुन्या-विटांचे उंच खांब दिसतात. त्यांना तिथे बंबे म्हणतात. पाणी खांबातून वर चढतं, उघड्यावर येतं, कोंडलेली हवा सोडतं आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा खाली उतरून पुढे जातं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातल्या पाणचक्कीपाशी या साऱ्या खटाटोपाचं फळ एका जागी बघायला मिळतं. आलेलं पाणी आधी चक्कीचं पातं फिरवतं. त्यावर दर्ग्यातल्या फकिरांचं आणि वाटसरूंचं पीठ दळलं जाई. उंच भिंतीवरून पाण्याची धार समोरच्या लांबलचक हौदात कोसळते, हौदात कारंजी आहेत, आणि उरलेलं पाणी शेजारच्या खाम नदीला मिळतं. या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत. खांबांच्या रांगांवर तोललेल्या त्या दालनात भर वैशाखातही गारवा असतो, कारण डोक्यावर पाणी आहे. दळण, वजूचं पाणी, डोळ्यांचं सुख आणि थंडावा, अशी कामं तेच पाणी वाटेत करत जातं. चैन आहे, पण ती कामाच्या पाण्यावर वाटेत उभी आहे. तिच्यासाठी वेगळं पाणी काढलेलं नाही.

पुण्याचं उदाहरणही याच जातीचं. पुणे शहराला दुष्काळी कुणी म्हणणार नाही, पण 1750 च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचा तलाव बांधून जमिनीखालच्या नळाने पाणी आणलं, ते शहराला पाण्याची ओढ होती म्हणूनच. त्या नळाचा जीव उताराचा आणि वाटेत कोंडलेली हवा सोडणाऱ्या उच्छ्वासांचा. पाणी शनिवारवाड्यात जाई आणि काळा हौद, बदामी हौद असल्या पेठांतल्या हौदांनाही मिळे. वाड्यातलं हजारी कारंजं म्हणजे सोळा पाकळ्यांचं कमळ, नावाला हजारी पण तोट्या मोजल्या तर हजाराहून कितीतरी कमी. वाड्यातल्या कमळाचं आणि पेठेतल्या घागरीचं पाणी एका कात्रजच्या तलावातलं. 1961 साली पानशेत फुटून खडकवासल्याचं पाणी गेलं, तेव्हा शहराला जुन्या हौदांनी आणि विहिरींनी हात दिला. कमळाची एकही तोटी तेव्हा उडत नव्हती, हे सांगायला नको.

यावर आक्षेप येईल, आणि तो यायलाच हवा. सुलतानांचे आणि पेशव्यांचे हे गोडवे कशासाठी? फराहबागेत कोण बसत होतं? तिथे पाणी आणायला भिंगार-शहापूरकडचा नळ खास महालाकडे वळवला होता, तो काही वाटेवरच्या कुणब्यासाठी नव्हता. खरं आहे. पेशवाईतल्या हौदांवर तर घागर कुणाची बुडेल आणि कुणाची नाही, हे जातीने ठरत होतं. जुन्या व्यवस्थेत पाणी न्याय्य वाटलं जात होतं, असा माझा दावा नाही. दावा एवढाच, की अन्यायालासुद्धा उगमाची वेसण होती. फराहबाग पाण्याचा मालक असेल, पण डोंगरात नसलेलं पाणी तो मागवू शकत नव्हता. त्याचा तलाव आज कोरडा आहे आणि महाल माळावर उघडा पडला आहे. तेवढं पाणी येणं थांबलं, तेव्हा तोही थांबला.

अपवाद शोधायचा तर विजापूरजवळ कुमटगीला जावं लागतं. आदिलशाहीतला हा जलमहाल तलावाकाठी आहे. तिथे पाणी वर उचलून उंच टाकीत साठवत आणि नळांनी महालाच्या छतात नेऊन खाली बसलेल्यांवर तुषारांसारखं पाडत. आजच्या भाषेत, रेन डान्स. नुसत्या उतारावर हे जमणारं नव्हतं, पाणी वर चढवायला जनावराची नाहीतर माणसाची मेहनत लागे. पण या मेहनतीलाही दुष्काळाचा लगाम होता. पाऊस हुकला की पाण्याच्या आधी चारा संपतो, आणि उपाशी बैल मोट ओढत नाही. शिवाय तलाव डोळ्यांसमोर. त्याचा तळ दिसू लागला की छतातून पाऊस पाडायची हौस कुणाला सांगावं न लागता आवरती घ्यावी लागणार.

मोटेचा विषय निघाला की साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटांची विहीर टाळून पुढे जाता येत नाही. 1719 ते 1724 या काळात विरूबाई भोसले यांनी ती बांधवली. व्यास पन्नास फूट, खोली एकशे दहा, अष्टकोनी विहीर आणि तिला जोडून पायऱ्यांची वाट. एकाच वेळी बारा मोटा चालतील अशी थारोळी वरच्या काठावर आहेत, आणि ते पाणी पाटाने आमराईला जाई. पण या विहिरीच्या पोटात एक छोटा महाल आहे. नक्षीचे खांब, बसायला जागा, खाली हिरवं पाणी आणि वर आभाळाचा तुकडा. शाहू महाराजांच्या बैठका तिथे होत असं सांगतात. उन्हाळ्यात सातारच्या छत्रपतींनी गारव्याला बसावं आणि डोक्यावर बारा मोटांची कुरकुर चालू असावी, नाडा-सोंदुराची ओढ, थारोळ्यात रिकाम्या होणाऱ्या मोटेचा धबाका! शेताचं पाणी उपसणं चालू आहे आणि त्याच्या कुशीत बसून सुख घेणं चालू आहे. सुखासाठी एक पोहराही जास्तीचा निघत नाही. दख्खनच्या पाणी-वास्तूंत मला ही सगळ्यांत शहाणी वाटते, फराहबागेपेक्षा कितीतरी.

आणि हेच शहाणपण राजवाड्याबाहेर, साध्या मळ्यातल्या विहिरीत, सर्रास चालत होतं. माणदेशापासून मराठवाड्यापर्यंत उन्हाळ्याच्या सुट्टीतली पोरांची जलक्रीडा म्हणजे विहीर. पाठीला भोपळा किंवा पांगाऱ्याचं लाकूड बांधून पोहायला शिकायचं, भोपळा सुटला की थारोळ्यावरून सूर मारायचा, गुडघे पोटाशी घेऊन मुटका मारायचा आणि पाणी काठापर्यंत उडवायचं. उडालेलं पाणी परत विहिरीतच. रात्री मोट नाहीतर इंजिन चालू झालं की तेच पाणी उसाला नाहीतर कांद्याला. पाण्याची नासाडी शून्य आणि तिकीटही शून्य. विहिरीची पायरी उघडी पडत गेली की पोरं समजत, यंदा मे महिन्यात पोहणं नाही. हिशेब सांगायला कुणाची गरज नव्हती.

इथे मात्र वॉटर पार्कच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे, आणि त्याचे चालक तो कधी मांडत नाहीत याचं नवल वाटतं. विहिरीतल्या त्या सुरांचं कौतुक करताना सूर कोण मारत होतं, हे विसरायचं नसतं. गावची सवर्णांची विहीर दलितांच्या पोराला बंद होती. चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी 20 मार्च 1927 रोजी महाडला सत्याग्रह करावा लागला, तोही मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा सदस्य सी. के. बोले यांचा ठराव 1923 मध्येच मंजूर झालेला असताना. बायकांचं तर विहिरीशी नातं रहाटाचं आणि घागरीचं. पन्नाशीच्या बाईने सगळ्यांच्या देखत पाण्यात पडून मोठ्याने हसावं, ही गोष्ट लाटांच्या हौदात पहिल्यांदा घडली. तिकिटाच्या खिडकीवर जात विचारत नाहीत. पैसे विचारतात, ती वेगळी चाळणी, पण जुन्या चाळणीपेक्षा तिची भोकं मोठी आहेत. तेव्हा वॉटर पार्कला चंगळ म्हणून हिणवणाऱ्यांनी आधी एवढं मान्य करावं, की पाण्यात खेळायची हौस पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना नाकारली, त्यांनाही ते दार उघडं झालं.

मग बिनसलं कुठे? 1972 च्या दुष्काळानंतर दख्खनचं पाणी डोळ्यांआड गेलं. बोअर खोदणारी यंत्रं गावोगाव आली. सोलापुरात घडलेल्या हातपंपाच्या रचनेवरूनच पुढे देशभर पसरलेला इंडिया मार्क दोन पंप तयार झाला. त्या हातपंपांनी लाखो माणसांची तहान भागवली, त्याबद्दल तक्रार नाही. पण तेच तंत्र विजेच्या मोटारीला जोडलं गेलं, बोअर दोनशे फुटांवरून पाचशेवर गेली, आणि उथळ झऱ्यांवर जगणाऱ्या उघड्या विहिरी मार्चमध्येच तळ दाखवू लागल्या. विहीर आटली तशी पोहण्याची जागाही आटली. आज दुष्काळी तालुक्यातलं जे कुटुंब सुट्टीत वॉटर पार्कला जातं, त्याच्या मळ्यातली विहीर बहुतेक वेळा कोरडी असते. ज्या उपशाने ती कोरडी पडली, त्याच उपशावर पार्कचा हौद भरतो. ही मेख लक्षात घेतली नाही तर सगळा वाद चवीचा नि चैनीचा होऊन बसतो.

वॉटर पार्क हा नमुना मुळात अमेरिकेतला. 1977 मध्ये फ्लोरिडातल्या ऑरलँडोला सुरू झालेलं वेट अँड वाइल्ड हे या प्रकारचं पहिलं मानतात, आणि फ्लोरिडात पाऊस आपल्या माणदेशाच्या दुपटीहून जास्त. महाराष्ट्रातही पहिलं नाव झालं ते मुंबईत, गोराईच्या खाडीकाठी. तिथून हा नमुना घाट चढून पठारावर आला, पण त्याचा हिशेब पठाराला लावून कुणी तपासला नाही. चालक सांगतात, पाणी तेच ते गाळून फिरवतो, एकदा भरलं की झालं. अर्धं खरं. एप्रिल-मेमध्ये उघड्या हौदाची पातळी रोज आठ मिलिमीटरने उतरते असं धरू, हा काही फुगवलेला आकडा नाही. सगळे हौद मिळून पाण्याचा पृष्ठभाग अर्धा एकर, म्हणजे दोन हजार चौरस मीटर असेल, तर नुसत्या उन्हाने रोज 16,000 लिटर उडून जातं. टंचाईच्या काळात आपल्याकडे टँकरचं पाणी माणशी 20 लिटर धरतात. म्हणजे आठशे माणसांच्या वस्तीचं पाणी हवेत गेलं. घसरगुंडीवरून उडणारं, अंगावरून बाहेर जाणारं, गाळण्या उलट्या धुताना सोडून द्यावं लागणारं, न्हाणीघरातलं आणि उपाहारगृहातलं पाणी यात धरलेलंच नाही.

यावर ठेवणीतलं उत्तर असतं: आणि ऊस? कृषी खर्च व मूल्य आयोगानेच म्हटलं आहे की राज्यातल्या चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचं सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी पितो. त्यापुढे एका हौदाचं काय घेऊन बसलात? गणित म्हणून हे बिनतोड आहे. राज्याच्या हिशेबात वॉटर पार्क बंद केल्याने दुष्काळ एका दिवसानेही हटणार नाही, आणि उसावर बोलायला घाबरणारे लोक वॉटर पार्कवर तुटून पडतात तेव्हा त्यात ढोंगही असतं. 2016 चा एप्रिल आठवावा. 12 तारखेला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोचली, आणि दुसऱ्याच दिवशी उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले. मैदानांवरच्या हिरवळीची देशभर चर्चा झाली, कारखान्यांच्या गाळपाची त्या मानाने थोडी. पण ऊस मोठा गुन्हेगार आहे म्हणून वॉटर पार्कचा हिशेबच मागायचा नाही, हे तर्काला धरून नाही. पिण्याच्या पाण्याची टंचाई राज्याच्या सरासरीत पडत नाही. ती एका गावच्या शिवारात, एका ओढ्याच्या काठी, एप्रिल ते जून या तीन महिन्यांत पडते. त्या शिवारातली खोल बोअर रात्रभर कुणासाठी चालते, हा तिथल्या माणसांसाठी थेंबाचा प्रश्न नसतो.

आणि इथेच जुन्या-नव्यातला तो फरक उघडा पडतो. पार्कचा धंदा सगळ्यांत जोरात चालतो तो एप्रिल-मेमध्ये, जेव्हा शिवारात पाणी सगळ्यांत कमी असतं. नहरीचं कारंजं तेव्हा बसलेलं असे, विहिरीतला सूर तेव्हा बंद पडे. पार्कमध्ये मात्र विजेची मोटार आणि विकतचा टँकर या दोन गोष्टींनी उगमाशी असलेला दुवा तोडला आहे. बोअर आटली की टँकर येतो, एक गाव आटलं की टँकर पुढच्या गावाहून येतो, आणि लाटांचं यंत्र त्याच ठेक्यात चालू राहतं. खेळणाऱ्याला कळत नाही की वर काय शिल्लक आहे. दोष त्याच्या हौसेचा नाही.

दुष्काळी भागात पार्क उघडूच नये असं यातून निघत नाही. पावसाचं पाणी स्वतःच्या आवारात साठवून त्यावरच चालणारं, साठा ठरलेल्या खुणेखाली उतरला की मे महिन्यातसुद्धा दार लावणारं, हौदाचं सांडपाणी शेजारच्या बागेला देणारं पार्क या मुलखाच्या परंपरेत बसेल. धंदेवाले म्हणतील, मे महिन्यात दार लावायचं तर कमाई कधी करायची? रास्त प्रश्न आहे. त्याचं प्रामाणिक उत्तर असं, की काही तालुक्यांत हा धंदा पावसाळ्यानंतरचे चार-पाच महिनेच करण्यासारखा आहे, आणि तेवढ्यात भागत नसेल तर तो तिथला धंदा नव्हे. परवानगी देणाऱ्या कचेरीने हौदाची खोली आणि जीवरक्षकांची संख्या विचारावीच, पण टँकरची पावतीही मागावी.

पाणचक्कीपाशी अजून लोक तिकीट काढून येतात. कोरड्या वर्षी उन्हाळ्यात भिंतीवरून पडणारी धार बारीक होते, कधी थांबतेही. मग पर्यटक कठड्याला टेकून शेवाळ सुकलेल्या भिंतीकडे बघतात, आज बंद का म्हणून चौकशी करतात. काही बिघडलेलं नसतं, कुणी तोटीही बंद केलेली नसते. वर, हर्सूलकडे, पाणी नसतं.